जगदेवरावांचा मुलूख

रविवार, २ सप्टेंबर १९५६

सदाशिवरावांनी आज मला चक्क एका खेळाचं परीक्षण करायला सांगितलं. ग्वाल्हेरच्या सचिवालयातली नोकरी पोटासाठी आणि त्यांच्या साप्ताहिकातलं सदर मनासाठी, अशी माझी वाटणी आहे. आजवर नाटकं झाली, गाण्याच्या बैठकी झाल्या, कवितासंग्रह झाले. आता सोंगट्या!

"सोंगट्यांच्या पटावर काय लिहायचं हो?" मी म्हणालो.

"बघा तर खरं. जगदेवरावांनी वर्षानुवर्षं घातलीत त्याच्यात. चार ओळी लिहा, म्हातारा खूश होईल."

संध्याकाळी छावणीत त्यांच्या घरी गेलो. जगदेवराव संस्थानच्या रिसाल्यात कप्तान होते. फौज विलीन झाली तेव्हा पेन्शनीत निघाले. मोठ्या मिशा, हळू बोलणं. बैठकीत जाजमावर तंबूच्या कापडाचा एवढा मोठा पट पसरलेला की भिंतीला चिकटून चालावं लागलं. काबूलपासून कन्याकुमारीपर्यंतचा मुलूख, नद्या निळ्या, डोंगर काळे, सगळा चौकटींत आखलेला. एका चौकटीला ते 'मजल' म्हणतात. खेळाचं नाव 'मुलूख'. चार खेळाडू, चार लहान राज्यं. एक डाव म्हणजे एक वर्ष. आपल्या डावाला धान्य पेरा, सडक बांधा, किल्ला उठवा, फौज पाठवा, नाहीतर शेजाऱ्याशी तह करा. असे शंभर डाव! फासे नाहीतच.

"दैवाला जागा नको का खेळात?" मी विचारलं.

"दैव आहे ना. समोर बसलेली तीन माणसं," ते म्हणाले.

सगळ्यात चमत्कारिक नियम हुकमाचा. दूरच्या फौजेला आपण हलवू शकत नाही. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, ती राजधानीत पालथी ठेवायची, आणि दर डावाला ती एक मजल पुढे सरकते. सडक असेल तर दोन. पोचली की उलटायची आणि लिहिलंय ते करायचं, मधल्या काळात काहीही घडलेलं असो. दहा-बारा डाव खेळलो. जांभया आल्या. उठलो.

बुधवार, ५ सप्टेंबर

परीक्षण आलं. ऑफिसात तीन टेबलांवर हशा झाला. "या खेळातली चिठ्ठी आमच्या सरकारी फायलीइतक्याच वेगाने चालते, फरक इतकाच की फायलीवर शेवटी कुणीतरी सही करतं" हे वाक्य शेजारच्या टेबलावरच्या चतुर्वेदीजींना कुणीतरी हिंदीत करून सांगितलं, तर ते खुर्चीतून पडायचे राहिले. शेवटी मी लिहिलंय की राज्यं गेली, आता ती जाजमावर वसवायचा छंद निवृत्त मंडळींना लागला आहे, आणि तो निरुपद्रवी आहे.

बायकोने, शरयूने, नेहमीप्रमाणे छापखान्यासाठी स्वच्छ प्रत केली होती. माझं अक्षर खिळे जुळवणाऱ्यांना लागत नाही. प्रत करताना एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत खेळलात का?"

शंभर डाव कोण खेळणार!

रविवार, ९ सप्टेंबर

घरी गणपती, दर्शनाला लोक येत होते. दुपारी जगदेवराव आले. मी दाराशीच अवघडलो. त्यांनी चपला काढल्या, गणपतीसमोर हात जोडले, शरयूने दिलेला मोदक सावकाश खाल्ला. परीक्षणाचा विषय नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

"वाचलंत ना? राग नसावा."

"राग कसला? गमतीदार लिहिलंय, आमच्या घरीही हसले." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त अर्ध्यावर उठलात. आम्ही सैन्यात कच्च्या घोड्यालासुद्धा मैदानाचा एक पूर्ण फेरा देतो, मग नाव ठेवतो. येत्या रविवारी या. सदाशिवरावही येताहेत. चौथा गडी मात्र हवा."

"मी येऊ का?" शरयू म्हणाली.

मला हसू आलं. पण चौथी जागा भरायची होती, म्हणून हो म्हणालो.

रविवार, १६ सप्टेंबर

सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खेळलो. मी पुण्याकडचं राज्य घेतलं, सदाशिवरावांनी बंगाल, जगदेवरावांनी पंजाब. शरयूच्या वाट्याला माळवा आला, सगळ्यांच्या मधोमध, चारी बाजूंनी उघडा. मला तिची कीवच आली. तिने पहिले आठ डाव नुसत्या सडका बांधण्यात घालवले. मी म्हणालो, "अगं, फौज तरी उभी कर, कुणीही खाऊन टाकेल." ती म्हणाली, "बघू." जगदेवरावांनी मात्र मान वर करून तिच्याकडे बघितलं. मुलींच्या शाळेत शिकवण्याचा परिणाम, सगळं नीटनेटकं लागतं तिला.

माझ्याकडे कोकण, वऱ्हाड, निजामाचा बराच भाग. पट तसाच पसरून ठेवलाय, खोलीला कुलूप.

रविवार, २३ सप्टेंबर

काय सांगू, आज काहीतरी विलक्षण झालं.

दुपारी कधीतरी माझी फौज नर्मदा ओलांडून वर सरकली. शरयूने लढायच्या ऐवजी तह केला आणि वाट दिली. मग दिल्ली. मग एकेका डावात दोआब, लाहोर, आणि चहा यायच्या सुमाराला माझं निशाण अटकेवर! खाली तंजावर आधीच माझं होतं. मी उभा राहिलो. बसून तो मुलूख दिसेना. पायाखाली भगव्या सोंगट्यांचा पसारा, समुद्रापासून हिमालयापर्यंत, आणि तो मी केलेला. माझ्यासारखा माणूस, ज्याने आयुष्यात कारकुनीपलीकडे काही केलं नाही, त्याला क्षणभर कळलं की पूर्वीच्या लोकांना रात्री झोप का लागत नसेल.

"कसं वाटतंय?" जगदेवरावांनी विचारलं.

मला शब्द सुचेना. ते म्हणाले, "मलाही सुचला नव्हता."

येताना बाड्यावर, शहरातल्या मोठ्या चौकात, थांबलो. बँका, पोस्ट, टाऊन हॉल, टांग्यांची गर्दी. रोजचं सगळं. पण आज प्रत्येक दगड कुणीतरी कधीतरी पाठवलेल्या हुकमाने इथे आलाय असं वाटलं. शरयूला तसं म्हणालो. ती म्हणाली, "आणि ज्यांनी वाहून आणला ते?" माझ्या विचाराचा धागा तुटला.

मंगळवार, २५ सप्टेंबर

ऑफिसात एकच विषय. मध्यभारत जाणार, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळ. आमचं खातं पहिल्या तुकडीत. चतुर्वेदीजी म्हणाले, "लक्ष्मीकांतजी, बिस्तर बाँध लो." मी हसण्यावारी नेलं.

रविवार, ३० सप्टेंबर

माझं साम्राज्य गेलं. कसं गेलं ते नीट लिहून ठेवतो.

सत्तराव्या डावाच्या आसपास लाहोरला धान्य कमी पडलं. मी बंगालच्या हद्दीवरून फौज तिकडे जावी म्हणून हुकूम सोडला. चिठ्ठी निघाली. इतक्यात दक्षिणेत बंड. तिकडे दुसरी चिठ्ठी. मग दिल्लीचा किल्लेदार फुटला, तिसरी. मी सडका कधी बांधल्याच नव्हत्या, लढाया जिंकण्यात वेळ कुणाला होता! पटावर माझ्या पालथ्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, मुंगीसारख्या सरकताहेत. पहिली पोचली आणि उलटली, तर तिच्यात लिहिलं होतं, 'लाहोरला मदत करा', आणि लाहोर चार डावांपूर्वीच पडलं होतं. नियमाप्रमाणे फौजेला तरीही जावं लागलं. मी स्वतःच्या हाताने माझी सगळ्यात चांगली फौज मेलेल्या किल्ल्याकडे सरकवली. एकेक चिठ्ठी उलटत गेली. प्रत्येक हुकूम शहाणपणाचा होता, आणि प्रत्येक उशिरा पोचला होता.

मला हरल्याचं दुःख नव्हतं. भीती वाटत होती, देवळाच्या गाभाऱ्यात अंधारात वाटते तशी. एवढं मोठं काहीतरी, आणि ते कोसळताना आवाजसुद्धा नाही.

"हे तुम्हाला कसं सुचलं?" मी विचारलं.

जगदेवरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आमचा रिसाला मोडला त्या सकाळी आम्ही परेड केली. थंडी कडक होती, घोड्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी आवाज दिला, सगळी रांग एका माणसासारखी वळली. बिलकुल एका माणसासारखी. इतकी सुंदर परेड आयुष्यात झाली नव्हती. परतलो तर कागद आलेला. रिसाला आदल्या आठवड्यातच बरखास्त झाला होता, हुकूम वाटेत होता. म्हणजे ती परेड कुणाची होती, सांगा? आम्ही नव्हतोच तेव्हा. तरी होतो." थोडं थांबून ते म्हणाले, "ते कुणाला सांगता येईना, म्हणून हे केलं."

सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसला.

आणि माळवा? माळवा होता तसाच. लहानच राहिला, पण शंभराव्या डावाला त्याच्या एकाही घरात बंड नव्हतं, आणि माझे फुटलेले चार सुभे आपण होऊन त्याला येऊन मिळाले होते. शरयू जिंकली असं म्हणायला हरकत नाही. मधोमध असल्याचा फायदा.

बुधवार, ३ ऑक्टोबर

दुसरं परीक्षण लिहिलं. पहिलं मागे घेतो असं उघड लिहिलं. सदाशिवराव म्हणाले, असं आपल्या साप्ताहिकात प्रथमच होतंय. मोठ्या उमाळ्याने लिहिलं आहे, जरा लांबलं. शरयूने प्रत करताना काटछाट केली आणि मधे एक वाक्य घातलं: 'या खेळात हार अचानक येत नाही, ती केव्हाच निघालेली असते, आपल्यापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो.' बरं होतं, ठेवलं.

रविवार, १४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला जगदेवरावांकडे गेलो तर बैठकीत जागा नाही. दोन वकील, डॉक्टर, कॉलेजचे प्राध्यापक, सगळे पटाभोवती. कुणी म्हणतं हा खेळ सरंजामशाहीचं कौतुक आहे, कुणी म्हणतं तिचं श्राद्ध आहे. प्राध्यापक समाजवादी. ते तावातावाने सांगत होते की मुलांना साम्राज्य करायला शिकवणं आजच्या काळात गुन्हा आहे. सांगता सांगता त्यांनी ओरिसा घेतला. एका हिंदी दैनिकाने लिहिलंय की ग्वाल्हेरच्या मराठ्यांचं स्वप्न अजून मोडलं नाही. जगदेवरावांनी ते कात्रण शांतपणे घडी करून ठेवलं. "लिहिणाऱ्याला बोलवा," म्हणाले, "फेरा पूर्ण करू दे."

गुरुवार, १८ ऑक्टोबर

पुण्याच्या एका मासिकाने माझ्या परीक्षणाची दखल घेतली! 'ग्वाल्हेरच्या एका चोखंदळ समीक्षकाने म्हटल्याप्रमाणे' असं लिहून हार केव्हाच निघालेली असते ते वाक्य उद्धृत केलंय. मी ते ऑफिसात दाखवलं. शरयूलाही दाखवलं. ती म्हणाली, "छान छापलंय," आणि वह्या तपासायला बसली. तिला या गोष्टींचं फारसं अप्रूप नाही.

त्याहून मोठी बातमी म्हणजे त्याच मासिकवाल्यांना हा खेळ छापून काढायचाय. अटी तीन. शंभराऐवजी वीस डाव, फासे हवेत, आणि चिठ्ठीचा नियम काढून टाकायचा. लोकांना ताबडतोब काही घडलेलं आवडतं म्हणे.

संध्याकाळी आम्ही दोघं जगदेवरावांकडे गेलो. मी म्हणालो, "करून टाका. महाराष्ट्रभर नाव होईल. थोडी तडजोड सगळेच करतात."

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग माझ्या मागे बघत विचारलं, "वहिनी, तुम्ही काय म्हणता?"

शरयू दाराशी उभी होती. म्हणाली, "हुकूम लगेच पोचला तर मग चुकणार कोण, आणि कशाने? नुसती लाकडं इकडची तिकडे. तुमची ती परेड राहणार नाही त्यात."

जगदेवरावांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते, मला वाटतं. उजेड कमी होता. "ठरलं तर," म्हणाले. पुण्याला नकार गेला. मला वाईट वाटलं. अशी संधी परत येत नाही.

सोमवार, २२ ऑक्टोबर

बदलीचा हुकूम हातात पडला. दिवाळी झाली की भोपाळ. घरी येऊन शरयूला सांगितलं, क्वार्टर दोन खोल्यांची मिळेल, भांडी कमीच घे, शाळेला राजीनामा लिहून टाक. ती ऐकत होती. समजूतदार आहे, त्रास देत नाही कधी.

सदराचं काय, हा प्रश्न होता. सदाशिवरावांना म्हणालो, भोपाळहून टपालाने पाठवीन. ते जरा घुटमळले. "बघू. वहिनींशी बोलतो," म्हणाले. तिच्याशी कशाला, ते कळलं नाही. प्रत करण्याबद्दल असावं.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

आज जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही.

मध्यभारत सरकारचा शेवटचा दिवस. मोतीमहालाच्या, म्हणजे आमच्या सचिवालयाच्या, आवारात ट्रक उभे, फायलींचे गठ्ठे उतरताहेत, कपाटं उघडी, भिंतींवर जिथे नकाशे होते तिथे फिकट चौकोन. दुपारनंतर कुणालाच काम उरलं नाही, आणि निघावंसंही कुणाला वाटेना. टोपी बाजारात कापड छापणाऱ्या मानसिंगरावांनी जगदेवरावांच्या पटाचे ठसे करून चादरीच्या कापडावर छापून काढलेत, तसे दोन-तीन पट ऑफिसात कुणाकुणाकडे होते. कुणीतरी एक पसरला. मग दुसरा. बघता बघता मोठ्या दालनात सगळीकडे माणसं फरशीवर बसलेली: हेडक्लार्क, शिपाई, लेखाधिकारी, मराठी, हिंदी, कोण कुणाच्या वरचा ते विसरून. सोंगट्या कमी पडल्या तेव्हा टाचण्यांच्या डब्या आणि शाईच्या बाटल्यांची झाकणं ठेवली.

वरून रंगीत काचांतून ऊन येत होतं, ते पटांवर सांडलेलं. कुठे बंगाल लाल, कुठे पंजाब हिरवा. भिंतींवरच्या जुन्या चित्रांतल्या राण्या खाली बघताहेत. एवढी माणसं, आणि आवाज फक्त चिठ्ठ्या सरकल्याचा. मधेच कुणी चिठ्ठी उलटायचं आणि "अरे, ये तो गया!" म्हणायचं, आणि त्या म्हणण्यात हसू नसायचं.

जगदेवरावांना मी बोलावून आणलं होतं. ते दारातच थांबले. आत येईनात. मी त्यांचा हात धरला.

"किती लोक आहेत हो," एवढंच म्हणाले.

चतुर्वेदीजी त्यांना ओळखत नव्हते. मी सांगितलं तसे ते उठले. ते उठले म्हणून शेजारचे उठले. मग रांगेरांगेने अख्खं दालन उभं राहिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं उभं राहिलं. जगदेवराव ताठ झाले, टाचा जुळल्या, आणि त्यांनी सगळ्यांना सलाम केला. माझ्या अंगावर काटा आला, तो आत्ता लिहितानाही आहे.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर, भोपाळ

भाऊबीज करून निघालो, एकटाच. शरयू म्हणाली, मुलींची वार्षिक परीक्षा होईपर्यंत शाळा सोडता येणार नाही. मी म्हणालो, मग मी म्हटलं होतं त्याचं काय? ती म्हणाली, "तुम्ही म्हटलं होतंत. मला विचारलं नव्हतंत." रागाने नाही, सहज. स्टेशनवर डबा दिला, मफलर दिला.

क्वार्टरमध्ये चतुर्वेदीजी आणि मी एकत्र आहोत. तलाव अफाट आहे. पलीकडचा काठ दिसत नाही.

रविवार, १८ नोव्हेंबर

साप्ताहिक आलं. माझ्या सदराच्या जागी शरयूचं नाव! सदाशिवरावांनी चौकट टाकून लिहिलंय की यापुढे हे सदर त्या लिहितील. मी टपालाने पाठवलेला लेख मात्र छापला नाही. पहिल्यांदा अंक मिटून ठेवला. मग वाचायला घेतलं.

'मुलूख' वरच लिहिलंय. मी दोनदा लिहिलं त्याच खेळावर. मी उभ्याने सुरू केलं आणि कधी बसलो ते कळलं नाही. लहान लहान वाक्यं, कुठे अलंकार नाही. त्या दालनातलं ऊन, जे तिने पाहिलंच नाही, मी सांगितलं तेवढ्यावरून, असं उतरवलंय की मला वाटलं मी तिथे नव्हतो, तीच होती. जगदेवरावांच्या सलामाला फक्त एक ओळ. आणि शेवटी हे:

'एवढ्या थोर खेळात एकच उणीव मला जाणवली. सोंगटी ज्या घरावर जाते, त्या घरात कुणी राहतं का, आणि त्याला कुणाबरोबर जायचंय, हे विचारण्याचा डाव यात नाही. जगदेवराव मोठे आहेत. ते तो करतील.'

मी लेख चार वेळा वाचला. इतकी वर्षं मी परीक्षणं लिहिली, मराठीतली भलीभली वाचली. असा शेवट मला कधी जमला नाही. ती हे कुठे शिकली? माझ्या प्रती करता करता म्हणावं, तर माझ्या प्रतींत हे नव्हतंच. जुने अंक इथे असते तर माझ्याच लेखांतली कुठली वाक्यं कुणाची, ते बघितलं असतं. बघवलं असतं का, माहीत नाही.

आणि ती उणीव! माझं साम्राज्य अटकेपार गेलं, बुडालं, मी दोनदा लिहिलं, तरी मला दिसली नाही. खेळातला एवढा मोठा दोष! जगदेवरावांना कळवलं पाहिजे.

चतुर्वेदीजी चहा घेऊन आले. कागद हातात बघून म्हणाले, "भाभीजी ने लिखा है? वाह! तो कब आ रही हैं यहाँ?"

मी म्हणालो, "पता नहीं."

"अरे, पूछा तो होगा?"

चहा गार झाला. शेवटी खरं ते सांगितलं.

"नहीं, चतुर्वेदीजी. कभी नहीं पूछा."

जगदेवरावांना नंतर लिहीन. आधी शरयूला.